वाढत्या अंगाचं जाकीट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आता हे वाक्य आमच्या घरातल्या कुणी वाचलं, तर तो हसेल. कारण माझ्या जाकिटाची गोष्ट आमच्याकडं बारशाला होते, वर्षश्राद्धाला होते, नुसते चार पाहुणे जमले तरी होते. पोरं म्हणतात, "नाना, ते जाकिटाचं सांगा की." मी सांगतो. सगळे हसतात. मग मी ठरलेल्या जागी थांबतो आणि चहा मागतो.

त्या ठरलेल्या जागेच्या पुढं काय झालं, ते सांगायचं राहिलं आहे. राहिलं आहे म्हणजे काय — मी ठेवलं आहे. तुम्ही आमच्या नात्यातले नाही, म्हणून कदाचित जमेल. पण सुरुवात हसायच्या भागापासूनच करावी लागेल. मला दुसरी येत नाही.

आम्ही शिरूर तालुक्यातले, घोडनदीच्या काठचे. इनामगावच्या अलीकडं आमची वस्ती. आजोबा मेंढरं घेऊन हिंडले, वडील शेतीला टेकले आणि मी दौंडला नोकरीला चिकटलो. आठवडाभर दौंडला खोलीवर, शनिवारी गावी. बायको, पोरं, आई, थोरले भाऊ म्हणजे आप्पा, आणि आप्पांच्या मालकीण, आमच्या शेवंता वहिनी — सगळे गावच्या घरात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा ऑफिसातल्या एका मित्रानं मला पुण्याला एका तलावावर नेलं. तिथं एक सर पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवायचे. पाठीला हवेची टाकी, तोंडात नळी. मी विहिरीत शिकलेला गडी. पाठीला वाळका भोपळा बांधून वडिलांनी ढकलून दिलं होतं, तेवढंच माझं शिक्षण. मला वाटलं, यात शिकवायचं काय? पण शिकलो. सरांनी गोव्याला समुद्रात नेऊन परीक्षा घेतली. पाणी निळं, खालची वाळू दिसत होती, सर हाताच्या अंतरावर. पास झालो. तालुक्यातला पहिला पाणबुड्या हे बिरुद माझं मीच लावून घेतलं आणि गावानं ते चालवून घेतलं.

मग स्वतःचं सामान घ्यायची हौस. सर म्हणाले, टाकी भाड्यानं मिळते, पण जाकीट स्वतःचं असावं. हे जाकीट म्हणजे टाकी पाठीशी धरून ठेवणारं, आत हवेची पिशवी असलेलं. डाव्या खांद्यावरून एक नळी येते, तिच्या टोकाला दोन बटणं. एक दाबलं की टाकीतली हवा जाकिटात शिरते आणि माणूस वर यायला लागतो. दुसरं दाबलं की हवा निघून जाते आणि माणूस खाली जातो. दोन्हीच्या मधे नीट जमलं, तर माणूस पाण्यात घारीसारखा तरंगत राहतो. सरांनी बजावलं होतं की रंग बघू नका, खिसे बघू नका. अंगाला घट्ट बसतं का तेवढं बघा. पट्टे आवळून दोन्ही हात वर करा. जाकीट हनुवटीपर्यंत चढलं तर ते तुमचं नाही.

मी पुण्याच्या दुकानात गेलो. दोन जाकिटं समोर आली. एक काळं, साधं, माझ्या मापाचं. घातलं तर दुसऱ्या कातडीसारखं बसलं. दुसरं लाल-पिवळं, केवढं तरी मोठं, खिसेच खिसे. ते घालून हात वर केले तर जाकीट कानापर्यंत आलं आणि मी टोपलीतून डोकं काढलेल्या कोंबड्यासारखा दिसायला लागलो.

मी लाल-पिवळं घेतलं.

का घेतलं? आमच्या घरात आजवर कुणी मापाचा कपडा घेतलेलाच नव्हता. शाळेची चड्डी दोन वर्षं पुढची. लग्नातला माझा सफारीसुद्धा वाढत्या अंगाचा — तो अजून माझी वाट बघतोय. पस्तिशी गाठलेला बाप्या मी, वाढणार ते पोट. पण हात आपोआप मोठ्या मापाकडं गेला. दुकानदाराला म्हणालो, सरांनीच मोठं घ्यायला सांगितलंय. तेव्हा हे खोटं फार लहान वाटलं.

पुढचं तुम्ही ओळखाल. घरी आईनं जाकिटाला हळद-कुंकू लावलं. आप्पांनी ते घालून आरशासमोर फेटा बांधून बघितला. भाड्याची टाकी घेऊन एसटीत बसलो, तर कंडक्टर म्हणाला, "भरलेला सिलिंडर न्हाई चालणार." मी म्हणालो, "अहो, यात नुसती हवा हाय." तो म्हणाला, "मग हवा आमच्याकडं न्हाई व्हय? एवढं वझं कशाला वाहता?" इथं सगळे हसतात. इथंच मी चहा मागतो.

आता पुढं.

ती टाकी मी गावी का नेत होतो, हे मला कुणी विचारत नाही. विचारायची गरज नसते. त्या घरातल्या सगळ्यांना ते माहीत आहे, आणि त्यावर बोलायचं नाही हेही ठरलेलं आहे.

आप्पांच्या मुलीचं, मंगलचं, लग्न ठरलं होतं. आमच्यात लग्नाआधी देव उजळतात. देव म्हणजे टाक — चांदीच्या पत्र्यावर उठवलेले, तळहातात मावतील एवढे. सोनाराकडून उजळून आणायचे, मग नदीवर नेऊन न्हाऊ घालायचे, तेव्हा लग्नाचं पुढचं सुरू होतं. ते ताम्हण धरायचा मान थोरल्या सुनेचा. शेवंता वहिनी डोहाच्या कडेच्या खडकावर बसून पाणी घालत होत्या. बाकीच्या बाया मागं गाणी म्हणत होत्या. वहिनी एकदम म्हणाल्या, "पडला." ताम्हण कललं आणि बिरोबाचा टाक निसटून पाण्यात गेला. दुसऱ्या कुणी बघितलं नाही. बघितलं ते एकट्या वहिनींनी.

पोरांनी बुड्या मारल्या. पण तो डोह चार पुरुष खोल, खाली अंधार. दम पुरेना. संध्याकाळपर्यंत घरात कुजबुज सुरू झाली. वहिनींचे भाऊ महादू नुकतेच वेगळे निघाले होते. त्यांच्या घरचे देव वाटणीत थोरल्या चुलत्याकडं राहिले आणि महादूंच्या वाट्याला कोरा देव्हारा आला. जुना टाक, पिढ्यांनी पुजलेला, ज्याच्या घरात जाईल त्याच्याकडं देव जातो, असं आमच्याकडं मानतात. तुम्हाला हसू येईल. तिथं कुणाला येत नव्हतं. आईच्या तोंडून निघून गेलं, "पाण्यात पडला का भावाच्या पदरात पडला, कुणी बघितलंय?"

आप्पा भले माणूस. त्यांनी बायकोवर आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "नानाला बोलवा. नाना तळाला जाऊन बघंल. हाय तर हाय, न्हाई तर न्हाई."

म्हणजे बघा, निवाडा माझ्यावर आला. वहिनी चोर की खऱ्या, हे माझ्या तोंडून ठरणार होतं. आणि मला काय वाटलं असेल? मला बरं वाटलं. अर्धा गाव काठावर येणार, लाल-पिवळं जाकीट पहिल्यांदा पाण्यात उतरणार — मी दौंडहून निघालो तेव्हा शिट्टी वाजवत होतो.

एकट्यानं कधी पाण्यात उतरायचं नाही, हा सरांचा पहिला नियम. सरांना मी कळवलंच नाही. ते नको म्हणाले असते.

सकाळची वेळ. काठावर माणसं बसलेली, कुणी झाडावर. वहिनी त्या खडकाशी उभ्या होत्या. त्यांनी बोटानं दाखवलं. "भावजी, हितून गेला. सरळ खाली. खाली कपार हाय, तिथं अडकला असंल." मी अंगठा वर केला, सिनेमात करतात तसा. उतरलो.

जाकिटात हवा भरलेली होती, म्हणून ते कानापर्यंत आलं. काठावर हसले. मी दुसरं बटण दाबलं, हवा सुटली, खाली निघालो. पुरुषभर खाली हिरवं होतं. दोन पुरुषांवर काळं. हात डोळ्यांपुढं धरला, दिसेना. टाकी सैल जाकिटात एका बाजूला घसरली आणि मला कुणी तरी मागून वळवतंय असं वाटलं. कानात माझाच श्वास, नुसती घरघर. तळ कुठं आहे, किती आहे, खाली काय आहे?

माझ्या अंगठ्यानं पहिलं बटण दाबलं.

पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होतो की जाकीट मोठं होतं, त्यानं मला वर ओढलं. तसं नव्हतं. जाकीट आपणहून कुणाला वर नेत नाही. आणि समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात माणूस सहज बुडतो. माझ्या कमरेला शिशाची वजनं होती ती पुरेशी होती. जाकीट सैल होतं हे खरं. अंगठा माझा होता.

मी वर आलो, पण पूर्ण नाही. डोहाच्या कडेला उंबर आहे, त्याची मुळं पाण्यात उतरलीत. पाणी गढूळ, वरून काही दिसत नाही. मी त्या मुळांत एक पाय अडकवला आणि तिथंच राहिलो — पाण्याखाली, पण काठापासून हातभर. वर येऊन 'जमत नाही' म्हणायला काय लागलं असतं? दोन शब्द. लोक हसले असते, आणि संध्याकाळी विसरले असते.

पण मला आठवलं, लोक माझे बुडबुडे बघताहेत. एकाच जागी बुडबुडे आले तर कळेल. तेव्हा मी मुळाला धरून सरकायला लागलो. थोडं इकडं, थोडं तिकडं. परत खडकाकडं. बुडबुडे फिरवत राहिलो. माणूस तळ चाचपतोय असं वाटावं इतपत. इथपर्यंत भीती होती, ती तुम्ही समजून घ्याल. पण बुडबुडे फिरवणं भीतीनं होत नाही. त्याला डोकं लागतं, आणि ते मी शांतपणे चालवलं. टाकीतली हवा बरीच संपल्यावर मी काठाच्या मातीत हात घातला, मूठभर गाळ घेतला आणि वर आलो.

मूठ उघडून दाखवली. तळाचा गाळ म्हणून.

"काय न्हाई," मी म्हणालो. "सगळा तळ हातानं चाचपला."

वहिनी पुढं आल्या. "कपारीत बघितलं का, भावजी?"

"बघितलं."

"आत हात घालून?"

"आत हात घालून."

त्यांनी माझ्या मुठीतल्या गाळाकडं बघितलं. मग डोहाकडं बघितलं. लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. त्या सैल जाकिटावर त्या फट्फट् वाजल्या, ते मला अजून ऐकू येतं.

त्यानंतर जे झालं ते कुणी रागानं केलं नाही. आमच्याकडं मोठी कामं शांतपणे होतात. आईनं देवघर माझ्या बायकोकडं, सुनंदाकडं दिलं; पुढं आप्पा-वहिनींची चूलही मागच्या खोलीत वेगळी झाली. नवा टाक करून घेतला. आप्पांनी महादूंना निरोप धाडला की लग्नाला यायचं तर देव घेऊन या, नाही तर येऊ नका. महादूंनी उलट निरोप दिला, "जे माझ्याकडं नाही ते कुठून आणू?" आणि ते आले नाहीत.

मंगलला बोहल्यावर आणायला मामा नव्हता. अंतरपाट धरला, गुरुजी म्हणाले, मुलीच्या मामांनी मुलीला आणावं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी उठलो. मामाच्या जागी मंगलला हाताला धरून मी आणलं. ती रडत होती. मी तिच्या कानात काही तरी विनोद केला — काय ते आता आठवत नाही. ती हसली नाही. वहिनी खांबापाशी उभ्या होत्या आणि पोरीकडंही बघत नव्हत्या, माझ्याकडंही नाही.

इथवर असतं तर मी याला भित्रेपणा म्हणून सोडलं असतं. पण पुढंही आहे.

दोनेक वर्षांनी पाऊस दडी मारून बसला. धरणातून पाणी सुटलं नाही. डोह आटत आटत कमरेएवढा झाला. कपार उघडी पडली. मी एका दुपारी कुणी नसताना गेलो. चप्पल काठावर काढली, पँट वर घेतली आणि चालत गेलो — चालत. कपारीत कोपरापर्यंत हात घातला. टाक तिथं होता. उभा, मातीत रुतलेला, काळा पडलेला.

वहिनींनी दाखवलं होतं तिथंच.

आता तुम्ही म्हणाल, तसाच ओला घेऊन घरी का गेला नाहीस? ओरडत का गेला नाहीस, सापडला म्हणून? मीही तेच म्हणतो. पण तो घेऊन गेलो असतो तर पहिला प्रश्न आला असता की मग तेव्हा तू कपारीत हात घातला होतास तो कुठं? मी टाक रुमालात गुंडाळला आणि दौंडला घेऊन गेलो. खोलीच्या मोरीत बसून चिंच आणि राख लावून घासला. खाचाखाचातली माती काडीनं काढली. लख्ख केला. मला वाटत होतं की मी काही तरी चांगलं करतोय. देव घरी पोचला की सगळं मिटेल, असं माझं गणित होतं.

शनिवारी दिवेलागणीला सुनंदा गोठ्यात गेली तेव्हा मी तो देव्हाऱ्यात, नव्या टाकाच्या मागं ठेवून दिला.

सकाळी पूजेला बसल्यावर सुनंदाला दिसला. घर गोळा झालं. आई हात जोडून उभी. आणि मग — माझं गणित किती कच्चं, बघा — सुनंदा हळूच म्हणाली, "काल सांजचं जाऊबाई विरजण मागाय आल्या हुत्या."

झालं. एवढंच लागलं. सगळ्यांना सगळं कळलं. भावाकडून आणला, भीतीनं आणला, गुपचूप ठेवला. सुनंदा खोटं बोलली नाही; वहिनी विरजण न्यायला खरंच आल्या होत्या. तोवर निदान एक शंका होती. कुणी म्हणायचं, असंल बाई, पाण्याच्या धारेनं गेला असंल. त्या सकाळपासून शंका राहिली नाही. मी वहिनींना सोडवायला गेलो आणि खिळा ठोकून आलो.

आईनं त्यांना माफ केलं. ते सगळ्यांत वाईट होतं. "देव घरी आला, आता कुणी कुणाला बोलायचं न्हाई," असं म्हणून तिनं वहिनींच्या डोक्यावरून हात फिरवला. वहिनींनी तो हात बाजूला केला. देवघराच्या उंबऱ्याशी आल्या आणि सुनंदाला म्हणाल्या, "त्याच्या खाचंत चिखल हाय का बघा की. डोहातला आसंल तर चिखल आसंल."

सुनंदानं टाक उचलला, उजेडात धरला, फिरवून बघितला.

"न्हाई वो. लख्ख हाय."

मी दारात उभा होतो. हातात चहाचा कप होता. माझ्या नखांत चिंचेचा काळसरपणा अजून होता. मी तो कप तोंडाला लावला.

वहिनींना माझ्याबद्दल काय माहीत आहे, हे मला माहीत नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी विचारलं नाही. मी जेवायला गेलो की वाढतात. मी जाकिटाची गोष्ट सांगतो तेव्हा त्या तिथं बसत नाहीत. काही तरी काम काढून आत जातात. महादू वारले, बहिणीच्या दारात ते पुन्हा आले नव्हते. वहिनी गेल्या होत्या तिकडं, दहाव्याला, एकट्या. आई गेली, आप्पा गेले. दोघंही मनात तेच घेऊन गेले, जे मी त्यांच्या मनात घातलं होतं. आप्पा शेवटी आजारी होते तेव्हा मी त्यांच्या उशाशी तीन दिवस होतो. बोलायला वेळ होता. आम्ही उसाच्या तोडीबद्दल बोललो.

मंगलच्या मुलीचं लग्न आता निघेल. तिला सगळं खरंच वाटतं, की तिच्या आजीनं एकदा देव नेला होता आणि परत आणून ठेवला. पोरीनं मला हे स्वतः सांगितलं, हसत, आजीची गंमत म्हणून. मीही हसलो. तीही गोष्ट माझ्यासारखीच ठरलेल्या जागी थांबवते.

म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतो. टाक डोहात पडला होता. शेवंता वहिनींच्या हातून निसटला आणि त्या म्हणाल्या तिथंच पडला. त्यांच्या भावानं तो कधी हातातही धरला नव्हता. मी तळाला गेलो नव्हतो. कपारीत मी हात घातला तो दोन वर्षांनी, आणि देव्हाऱ्यात तो टाक मी ठेवला.